धेडो व्हायच्या आधी

इब्रामपूर,
शनिवार, २६ ऑक्टोबर २०२४

प्रिय गौऱ्या,

नमस्कार, मिठी आणि दोन शिव्या. हव्या त्या क्रमाने घे.

लग्नपत्रिका पोचली! पोस्टमनने हाक मारली तेव्हा मी गाडी धूत होतो. ओल्या हातांनीच पाकीट फोडलं, त्यामुळे गणपतीचा शेंदरी रंग तुझ्या नावावर उतरलाय. ८ डिसेंबर, आमोणे, चि. गौरेश आणि चि. सौ. कां. सुविधा. तीनदा वाचलं. मग तळाला तुझ्या त्या कोंबडीने उकरल्यासारख्या अक्षरातली ओळ दिसली: "धेडो तूंच. दुसरो कोण नाका." आणि मी अंगणात एकटाच एवढ्या मोठ्याने हसलो की आई जनेलातून डोकावली.

अरे, बत्तीस वर्षांचा धेडो! नवऱ्याच्या बाजूला बसायला लोक भाचे-पुतणे शोधतात, ज्यांचा फेटा कानांवर घसरतो. तू टक्कल पडू लागलेला टॅक्सीवाला बसवणार. तुझे मामा काय म्हणतील? आईला सांगितलं तर ती म्हणाली, "गौरेशाचें लगीन? बरें जालें. आनी तुजें केन्ना?" मी म्हटलं, आधी गाडी धुवून होऊ दे.

हो, गाडी माझी स्वतःची. मोप्याला विमानं उतरायला लागली आणि आम्हा इब्रामपूरवाल्यांचं नशीब थोडं हललं. दिवसाला तीन-चार भाडी मिळतात. परवा एका दिल्लीवाल्या जोडप्याने विचारलं, "भैया, समुद्र कितना दूर है?" आणि मी काजूच्या रानाकडे बोट दाखवलं. वाड्यावर दिवाळीला जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याचं काम जोरात आहे. डोळे रंगवायचं काम माझ्याकडे आलं. ते थोडे तिरळे झालेत, पण सदाशिवकाका म्हणाले, राक्षसच तो, त्याला कोण मुलगी दाखवायला नेणार आहे!

आणि आता कान उघडे ठेव. पार्ट्यांतली ती पूड सोडून मला अकरा महिने झाले. नाकाला बोटसुद्धा लावलेलं नाही. हसू नकोस. आश्व्याच्या किनाऱ्यावरून भाडं घेऊन येतो, तिथल्या पार्टीचा ढोल ऐकू येतो, आणि मी काच वर करून पुढे निघतो. मला वाटलं होतं हे मला जमणार नाही. जमलं! शिवाय काल हातात एक रिपोर्ट आला, तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. त्याचं खाली सांगतो.

धेड्याला कपडे कोण घेतं? नवरा की धेडो स्वतः? मला तो मोरपिशी कुर्ता हवा. डिचोलीच्या बाजारात तुझ्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर टांगलेला असायचा, तसला. सुविधा कुठली, सावंतवाडीची ना? शिक्षिका आहे असं पत्रिकेवरून दिसतं. तुझं अक्षर तिने पाहिलंय का?

इथवर लिहून उठलो. चहा करून प्यायलो. नरकासुराच्या डोळ्यांना दुसरा हात देऊन आलो. कागद तसाच मेजावर पडून होता आणि मला कळत होतं की मी कुर्त्यापाशी का थांबलो.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय, घरी नाही. म्हणजे तुला अंदाज आलाच असेल. एकट्याने वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

शिगम्यात आपण भांडलो त्याला अडीच वर्षं झाली. तू म्हणाला होतास की तुला मी आवडतो आणि मुलीही आवडतात, दोन्ही खरं आहे. मी भर बाजारात तुला ढोंगी म्हटलं. घाबरतोस म्हणून मुलीच्या आड लपतोस असंही म्हटलं. ते चुकलं माझं. तू खरं बोलत होतास आणि मला ते सोसलं नाही, कारण मला तू अख्खा हवा होतास. आज तुझी पत्रिका बघून मला खरोखर आनंद झाला, त्यातच काय ते समज.

पण तुला वाटतं तसा तो अबोला त्या भांडणाचा नव्हता.

भांडणानंतर चौथ्या दिवशी मी म्हापशाला रक्त तपासून घेतलं. ताप उतरत नव्हता, डॉक्टरांनी पाठवलं. एचआयव्ही निघाला.

तुला सांगायला फोन हातात घेतला होता. मग मनात आलं, आपण भांडलोच आहोत, तो काही फोन करणार नाही, मग मी तरी कशाला करू? भांडण माझ्या सोयीचं पडलं, गौऱ्या. तू तीनदा फोन केलास. मी नंबरच बदलला. तुला वाटलं मी रुसलो. मी तुला तसं वाटू दिलं. माझ्या आयुष्यात मी केलेली ही सगळ्यात हलकट गोष्ट. त्या पुडीपेक्षाही.

किनाऱ्यावर दोन-दोन दिवस चालणाऱ्या त्या पार्ट्या तुला आठवत असतील, निदान अर्ध्या. पूड घेतली की भीती आधी पळायची, शुद्ध नंतर. तरी बाहेरच्या कुणाबरोबर आपण निरोध विसरत नव्हतो. बिगरओळखीचा म्हटलं की सावध. पण तुझ्या-माझ्यात कधीच नाही. आणि आपल्या त्या पेडण्या-डिचोलीच्या दोघा-तिघांबरोबरही नाही. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा तू हसून म्हणालास, "तुका आनी म्हाका कितें जातलें मरे? आमी घरचे मनीस." मलाही ते पटलं होतं. गावचा, ओळखीचा, ज्याच्या आईच्या हातचं जेवलो, त्याच्याकडून आजार कसा येईल? दोघेही तेवढेच मूर्ख.

कुणाकडून कुणाला आलं, तुला आलं की नाहीच आलं, मला माहीत नाही. शोधायचंही नाही. तुला कळायला हवं, एवढंच.

आता रिपोर्ट. पहिलं दीड वर्ष मी औषध घ्यायचो आणि पार्टीही करायचो. दोन दिवस तिकडे पडलेला माणूस रात्रीची गोळी कुठून आठवणार? रक्तातल्या विषाणूंचा आकडा काही खाली येईना. तपासणी केंद्रावर देवकीबाई म्हणून समुपदेशक आहेत. त्यांनी एकदा शांतपणे विचारलं, "सिद्धेश, चुकलेले दीस खंयचे, सांगशी?" पहिल्यांदाच मी कुणाला खरं सांगितलं. पूड, किनारा, तू, सगळं. नाव तेवढं सांगितलं नाही. त्या रागावल्या नाहीत. पूड सुटावी म्हणून त्यांनी मला पणजीला एका डॉक्टरकडे पाठवलं. दोनदा घसरलो, तिसऱ्यांदा टिकलो.

आणि काल! रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नाही, इतका कमी झालाय. औषध असंच रोज घेत राहिलो की माझ्याकडून संबंधातून कुणालाही लागण होणार नाही. कुणालाही! मी देवकीबाईंना पाचदा विचारलं. पाचव्यांदा त्या म्हणाल्या, "आतां बरोवन दिवं?" मी खरंच लिहून घेतलं. चिठ्ठी पाकिटात आहे.

मी घरात माझं ताट-वाटी वेगळी करून ठेवली होती, आईला पोटाचं पथ्य म्हणून सांगितलं होतं. ते कळल्यावर देवकीबाईंनी डोक्याला हात लावला. "जेवणांतल्यान हें कोणाक लागना मरे!" तुझ्या आईच्या हातचे फोव मी दोन दिवाळ्या चुकवले, ते या खुळेपणापायी. गुळातले पोहे, ताकातले, बटाट्याचे. यंदा चुकवायचे नाहीत असं काल ठरवलं होतं. आज पत्रिका आली.

म्हणून सांगतो. दिवाळी होऊ दे. सोमवारी, ४ नोव्हेंबरला, सकाळी दहाला मी डिचोलीच्या बसस्टँडपाशी गाडी लावून बसेन. तू ये आणि मागे बस. कुणी बघितलं तर गिऱ्हाईक. म्हापशाला जाऊ, डिचोलीत नको, तिथल्या दवाखान्यात तुझी मावशी आहे. तपासणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही, निकाल त्याच दिवशी मिळतो. कावीळ आणि गरमीची, म्हणजे सिफिलिसचीही तपासणी एकदमच करून घे, मीही केली. सुईला घाबरलास तर हात धरीन.

काही नाही निघालं तर आपण दोघं तिथेच मिरची-भजी खाऊ आणि मी तुला आयुष्यभर चिडवीन. निघालं तर माझ्याकडे बघ. चार किलो वाढलोय, गाडी चालवतोय, नरकासुर रंगवतोय. त्यावर औषध आहे, लग्न करता येतं, मुलंही होतात, देवकीबाई सगळं समजावतील. पण मग सुविधाला ८ डिसेंबरच्या आधी कळलं पाहिजे, आणि ते तू सांगायचं. तुझं-माझं तिला सांगायचं की नाही, हे तू ठरव. रक्ताचं ठरवायचा हक्क तिचाही आहे. मी अडीच वर्षं तुझा हक्क खाल्ला, म्हणून मला त्याची किंमत ठाऊक आहे.

तू आला नाहीस तर मी सावंतवाडीला जाणार नाही, कुणाला काही बोलणार नाही. पण मंडपातही येणार नाही. नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं, समोर अंतरपाटापलीकडे ती उभी, आणि मला ठाऊक असताना मी तिच्यावर अक्षता टाकायच्या, हे माझ्याने होणार नाही. एकदा गप्प राहून बघितलंय.

नवा नंबर चिठ्ठीच्या मागे आहे. फोन नाही केलास तरी चालेल. नुसता ये.

आईला नमस्कार सांग. फोव ठेवायला सांग.

तुझा धेडो,
सोमवारी सकाळी दहापर्यंत तरी,
सिद्धेश