माडावरची एरियल

मार्फत ५६ ए.पी.ओ.
१० मार्च १९६३

चि. कमळाकर यास दादाचे अनेक आशीर्वाद.

तू रेडिओसाठी माडावर बांधलेल्या एरियलला एकदाचं काम मिळालं बघ! परवा रेडिओवाले आमच्या ठाण्यावर येऊन जवानांचे निरोप टेपवर भरून घेऊन गेले. माझा निरोप रविवारी २४ तारखेला दुपारी दोनला दिल्लीहून लागेल, एकदाच. आबांना समोर बसव.

सहा वर्षांपूर्वी भर हंगामात मिठागर टाकून निघालो आणि जाताना तुमचं तोंड बघणार नाही असं आबांना बोललो. त्याची माफी मागितली आहे. आबांना वाचता येत नाही. माझी माफी तू वाचून दाखवायची, हे मनाला पटेना. माझ्याच तोंडून ऐकू देत.

थंडी मरणाची आहे, पण मी ठीक. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दीनानाथ

पनवेल
२६ मार्च १९६३

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

आबा मिठागरावरून लवकर आले, धुतलेला सदरा घालून रेडिओपाशी बसले. तुमचा आवाज खणखणीत आला. आबांनी डोळे पुसले. आता अगदी निर्धास्त राहा. घाईत आहे, रागावू नका.

आपला धाकटा,
कमळाकर

मार्फत ५६ ए.पी.ओ.
५ एप्रिल १९६३

चि. कमळाकर यास आशीर्वाद.

शाब्बास रे पठ्ठ्या! कितीतरी दिवसांनी धड झोप लागली. रेडिओचं न जमलं तर म्हणून आबांना एक लांबलचक पत्र लिहून ठेवलं होतं. तुझं वाचलं आणि फाडून टाकलं. दिवाळीला रजा मिळेल, तेव्हा पायच धरीन. मला विसरू नका.

तुझा,
दीनानाथ

पनवेल
२४ एप्रिल १९६३

ती. दादास,

आबा गेल्याचं तारेनं कळलंच असेल. चार दिवस ताप होता, सोळा तारखेला गेले. आता खरं लिहितो.

आबांनी काही ऐकलं नाही. एरियल चांगली चालत होती हो! पण तुमचा आवाज आणखी स्वच्छ यावा म्हणून त्याच दिवशी मला ती उंच करायची अवदसा आठवली. माडावर चढून ओढली, ती जोडापाशी तुटली. मी पुन्हा बांधेपर्यंत तीन वाजून गेले. आबा तेवढा वेळ नुसती खरखर ऐकत बसले होते.

मला एका शब्दानं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की दीनाला लिव, काय बोलला ते कागदावर धाड, तू वाच, मी ऐकन. मला लाज वाटली. तुमच्यापुढे माझ्या कारागिरीचं हसं होईल, म्हणून खोटं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तुमचं ते पत्र आबा असताना इथे पोचलं असतं.

पोस्टमन आळीत शिरला की आबा ओट्याच्या कडेला येऊन बसायचे. पंधरा तारखेला, तापात, त्यांनी मला विचारलं की दीनानं अजून काहीच लिवलं नाय का. मी म्हणालो, नाही.

लोभ ठेवा असं लिहायला हात धजत नाही.

कमळाकर