क्लाउसची बंद खिडकी

मिलवॉकी, जानेवारी १९८४. रविवार संध्याकाळ.

आज कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून इथे लिहितो. समोरच्या म्हाताऱ्या क्लाउसची खिडकी सकाळी बंद होती. बाहेर बर्फाचे ढीग, सगळ्या गल्लीच्या खिडक्या बंद, मग त्यात विशेष काय? पण क्लाउस जर्मन. कितीही थंडी असो, रोज ठरल्या वेळी उठल्या उठल्या खिडकी सताड उघडून घराला पाच मिनिटं हवा देणारच. जर्मनीत स्टुटगार्टला शिकाऊ इंजिनिअर होतो तेव्हा घरमालकिणीने मलाही तीच सवय लावली. लग्न झाल्यापासून सुधा त्यावरून माझ्या नावाने खडे फोडते. "अहो, हीटिंग काय रस्त्याला देताय?"

क्लाउस एकटाच राहतो, त्याच्या घराची किल्ली आमच्याकडे असते. गेलो तर हा बाथरूममध्ये पडलेला, थरथरत होता, पण शुद्धीवर. ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, तुला कळलं कसं? म्हटलं, खिडकी बंद होती. या थंडीत बंद खिडकी बघून कोण घाबरतं? मी घाबरलो. सांगलीचा मी! छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

हॉस्पिटलमध्ये क्लाउस नर्सवर वैतागला होता, इथली खिडकी उघडत का नाही म्हणून. म्हटलं, वाचला गडी.

घरी आलो तर हॉलमध्ये गारठा. सुधा शाल गुंडाळून उघड्या खिडकीपाशी उभी.

"क्लाउसची पण उघडून आलेय," ती म्हणाली. "पाच मिनिटं झाली की बंद करून या."