आमची गाडी बाजूला उभी असताना

प्रिय बाबा,

मायनॉटला सुखरूप पोचले. जेवणखाण वेळेवर आहे, आईला सांगा. तिचा खोकला थांबला का?

तुमची मालगाडी शेजारून गेली तेव्हा मी हात का केला नाही, असं तुम्ही विचारलंत. आमची प्रवासी गाडी बराच वेळ बाजूच्या रुळावर, साइडिंगला उभी होती. माझ्या डब्यात ब्रोटेनबाई होत्या. त्यांचे यजमान इथल्या रुग्णालयात शेवटच्या घटका मोजत होते.

"काय गं पोरी, प्रवाशांना आधी सोडायचं असा कायदा आहे ना?"

"आहे, आजी. पण समोरची मालगाडी साइडिंगपेक्षा लांब आहे. ती बाजूला मावत नाही."

"म्हणजे कायदाच मावत नाही म्हण की!"

वजाबाकी तुम्हीच मला स्वयंपाकघरात शिकवलीत, साइडिंगच्या लांबीतून डबे वजा करून. आपलं घर मालगाडीवर चालतं, तेही मी विसरले नाही. तरीही मावेल एवढीच गाडी जोडायची सक्ती कंपनीवर का नसावी, बाबा? तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही हुकूम पाळता.

मग बाईंना रुग्णालयातून फोन आला. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन मांडीवर ठेवला. तेवढ्यात तुमचं इंजिन आलं आणि माझ्यासाठी वाजवता तो भोंगा वाजला.

"कोण गं हा एवढा खुशीत?" बाईंनी विचारलं.

माझ्याच्याने सांगवलं नाही.

यापुढे आमची गाडी बाजूला उभी दिसली, तर भोंगा वाजवू नका. नुसता हात करा, मी बघत असेन.

तुमची लाडकी,
थिया