आंबट पिठाचे दोशे

४ जून

प्रीतीचा फोन. बंगळूरला तिच्या प्रयोगशाळेत यीस्ट वाढवतात.

"आई, अप्पांच्या कॅन्सरच्या रिपोर्टात जीनमधला जो बदल निघाला होता, तसाच मी यीस्टमध्ये केलाय. आता त्यांच्याच औषधात वाढवून बघणार."

"यीस्टला कॅन्सर होतो?"

"नाही ग. पण प्रथिनं घडवायची रीत त्याची नि आपली बरीचशी एक."

५ जून

मेलकावेरीच्या वाचनालयातलं पुस्तक वाचतेय. पेशीत निरोप येतो, तो वाचून प्रथिन घडतं. त्याला तिथं भाषांतर म्हणतात. ते काम चालवणारे मदतनीस असतात. ह्यांचं, प्रीतीच्या अप्पांचं, औषध त्यातल्याच एकाला धरून ठेवायचं. मदतनीस जरा बदलला की पकड सुटते.

सुटते — की कुणी सोडवतं?

८ जून

स्वामीमलैहून वन्सं आल्या. भावाच्या फोटोला हार घातला. मग नेहमीचंच —

"पथ्य पाळायला हवं होतंस. एवढं भारी औषध, आणि वर आंबट पिठाचे दोशे!"

मी कॉफी पुढे केली.

डॉक्टर म्हणाले होते, खाऊ दे. हे म्हणायचे, "एकच घाल. कडेला करपलेला." मी घालायची. काही महिने औषध लागू पडलं, मग पडेना. ते गेल्यापासून या घरात पीठ आंबवलं नाही.

१२ जून

शेवटी प्रीतीला विचारलं, माझ्या दोशांमुळेच औषध लागू पडेनासं झालं का. ती म्हणाली, "हे घेऊन बसली होतीस एवढी वर्षं?"

१९ जून

तिनं फोटो पाठवला. दोन प्लेटा, दोन्हींत तेच औषध. डावीकडे साधं यीस्ट — काही उगवलं नाही. उजवीकडे अप्पांचा बदल — पांढरे ठिपके, दाट.

"यीस्टवरून माणसाचं सगळं सांगता येत नाही, आई. पण औषध हरायला तेवढा बदल पुरला. प्लेटांत दोशे मी घातले नव्हते."

ठिपके बोटांनी मोठे करून पाहिले. हट्टी. ह्यांच्यासारखेच.

२१ जून

वन्संना फोटो दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"मीही देत होते ग त्याला. देवळातला चिंचेचा भात. तू आत असलीस की."

तांदूळ-उडीद भिजत घातलेत. वन्सं राहिल्यात.