काचेपुढे सांगितलेली गोष्ट

रोम, १० एप्रिल १९८३

ती. एर्सिलियाताईस नात्सारेनोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं ईस्टरचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून कान उपटशील, पण यंदा पवित्र वर्ष लागलंय आणि सगळं जग व्हॅटिकनच्या दारात येऊन उभं आहे. दिवसाला यात्रेकरूंचे चार-चार जथे फिरवतो. घसा पार बसलाय. सिस्टीन चॅपेलमध्ये सफाईसाठी परांची बांधलीय, तर लोक छतावरची चित्रं सोडून परांचीच बघत बसतात आणि वर मलाच विचारतात की उरलेलं चित्र कुठे गेलं.

माझ्या काठीचा हिरवा रुमाल आता पहारेकरीही ओळखतात. बढाई मारत नाही, पण माझं बोलणं ऐकून बायका डोळे पुसतात. मी रोमला येऊन अकरा वर्षं झाली, तू एकदाही आली नाहीस. दोन दिवस शेजाऱ्यांनी चारल्या तर तुझ्या मेंढ्या काही रुसणार नाहीत. उबाल्दोदाजींना म्हणावं, मेव्हण्याचा रुबाब एकदा बघून जा.

त्यांना नमस्कार. तुझ्या मायेवरच हे पाय दिवसभर चालतात, ती आटू देऊ नकोस.

तुझा
नात्सारेनो


मोंतेलुपे, ८ मे १९८३

चि. नात्सारेनो यास आशीर्वाद वि. वि.

आम्ही येऊन गेलो. गेल्या मंगळवारी.

तुला न कळवता यायचं, ही तुझ्या दाजींचीच हौस. पहाटेची बस धरली. राफाएलच्या चित्रांच्या दालनात तुझा हिरवा रुमाल दिसला. मी हाक मारणार, तर दाजी म्हणाले, थांब गं, आधी पठ्ठ्याचं काम तर बघू. नकाशा तोंडापुढे धरून पोरासारखे हसत होते. तू त्या रंगांबद्दल असं बोलत होतास की शेजारच्या परक्या बाईला सांगावंसं वाटलं, हा माझा धाकटा भाऊ.

मग तुम्ही मोठ्या चर्चमध्ये उतरलात आणि त्या काचेपुढे थांबलात, जिच्यामागे ती संगमरवरी आई मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसली आहे. तू आवाज खाली आणलास. म्हणालास, आमच्या डोंगरात एक आई आहे. सात वर्षांच्या पोराने दुधाची बरणी फोडली म्हणून तिने त्याच्या थोबाडीत दिली, बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. पोर दार वाजवत राहिलं. संध्याकाळी त्याला नदीतून काढलं. एवढं सांगून तू थांबलास. किती वेळ थांबायचं ते तुला पाठ होतं. बायका रडल्या. मग तू काठी उंच केलीस आणि म्हणालास, चला, पुढे.

माझा तुल्लियो गेला त्या साली, बासष्टमध्ये, मी तुला लिहिलं होतं ते. या जगात एकट्या तुला. चर्चमध्ये कबुली देतानासुद्धा ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं. तुझ्या दाजींना तर मी इतकंच सांगितलं होतं की पोर खेळायला म्हणून गेलं. आणि ते माझ्या शेजारी उभे होते, नात्सारेनो. नकाशाची घडी घालत होते. घातली की उलगडत होते, पुन्हा घालत होते.

तुझ्यासाठी आणलेलं मेंढीच्या दुधाचं चीज बाहेर चौकात एका खांबाशी ठेवलं आणि निघालो.

एर्सिलिया


रोम, १४ मे १९८३

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र घेऊन जिन्यातच बसलो.

मी कधी नाव घेतलं नाही ताई, गावाचंही नाही. पहिल्यांदा सांगितलं तेही ठरवून नव्हे. सहा वर्षांपूर्वी एक जथा त्या मूर्तीपुढे जांभया देत होता. मला तुल्लियो आठवला आणि तोंडून निघून गेलं. त्या दिवशी मीही रडलो, खोटं सांगत नाही. पुढे रडू येईनासं झालं आणि गोष्ट तेवढी राहिली. रोज कुणीतरी त्याच्यासाठी डोळे पुसतं, यात वाईट काय, अशी मनाची समजूत घालत होतो. आता लिहिताना माझं मलाच ते पटत नाही.

दाजी काय म्हणाले? फार रागावले का? मी येतो. त्यांच्या पाया पडतो, वाटेल ते बोलू देत. एक ओळ तरी लिही.

तुझा अपराधी
नात्सारेनो


मोंतेलुपे, २ जून १९८३

नात्सारेनो, आशीर्वाद.

येऊ नकोस.

दाजी रागावले नाहीत. परतीच्या बसमध्ये त्यांनी एकच विचारलं, नात्सारेनोला हे केव्हापासून ठाऊक आहे? मी म्हटलं, पहिल्यापासून. ते उठले आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले.

तू तेव्हा सैन्यात होतास, म्हणून तुला ठाऊक नसेल. त्या दिवशी ते कोकरांच्या बाजाराला गेले होते. दुपारी येतो असं पोराला कबूल केलं आणि तिकडे पत्ते कुटत बसले. पोर आपली वाट बघायलाच पुलावर गेलं, असं त्यांनी धरलं. गावानेही तेच धरलं. आणि मी धरू दिलं. एकवीस वर्षं त्या माणसाने पत्त्यांना हात लावला नाही, मी बघत राहिले. तू माझं दुःख बाजारात मांडलंस आणि मी माझा दोष त्यांच्या अंगावर घातला. माझं पाप मोठं असेल. म्हणून तुझं लहान होत नाही.

साडेतीन आठवडे ते गोठ्यावरच्या माळ्यावर राहिले. जेवण पायरीवर ठेवायचे मी. रविवारी दुपारी स्वयंपाकघरात आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, आता तू सांग. त्याच्या तोंडून ऐकलेलं मला नको.

मी सांगितलं. धड सांगता आलं नाही, वाक्यावाक्याला अडत होते. दार किती वेळ वाजत होतं, असं त्यांनी विचारलं. ते मी तुलाही लिहिलं नव्हतं. त्यांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि हातांकडेच बघत राहिले. मग उठून मेंढ्या सोडायला गेले. संध्याकाळी जेवायला आत आले. माळ्यावरचं अंथरूण अजून आणलेलं नाही.

माझं बासष्टचं पत्र परत पाठव. जाळायला नको आहे, त्यांना वाचायचं आहे.

शेवटी लोभ मागायचा रिवाज आहे. तुझ्याकडे तो मागायला आज माझा हात धजत नाही.

एर्सिलिया