गालाहून आलेली उसनी यंत्रं

मस्कत, सोमवार संध्याकाळ

व्हिसावर जगणाऱ्या मास्तरांनो, आपलं मत विचारतात ते फक्त होकारासाठी! सभा गाजवणारा मी, आज मात्र नुसता वहीत लिहितोय.

आमच्या कॉलेजच्या एसी दुरुस्तीच्या नव्या दोन वर्षांच्या पदविकेला उद्या तपासणीला येणारी समिती मान्यता देणार. वर्कशॉपमधली यंत्रं गाला या इथल्या औद्योगिक भागातल्या गॅरेजमधून उसनी आणलीत. खाली तेलाचे ओले डाग. विभागप्रमुख देशपांडे हसले, "अहो सर, समिती गेली की खलास, यंत्रं परत!" मग हळूच, "तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय ना?"

मुलीची दहावी इथे आहे. भीती वाटते, खरंच. पण यंत्रं परत गेल्यावर पोरं शिकणार कशावर? त्यांना नोकरी कोण देईल?

ते ओले डाग डोळ्यांपुढून हलत नाहीत. स्वतःलाच बजावतो, उद्या उभा राहा आणि समितीला एवढंच विचार: ही यंत्रं परवा कुठे असतील?