शेमल्याआडचं नाक

आदरणीय दाजी,

सविनय जय भीम. तुमचे गुडघे काय म्हणतात? जीप चालू झाली का? (आधी गुडघ्यांचं विचारलं, कारण जीपचं आधी विचारलं की तुम्ही पुढचं काही वाचत नाही.) आम्ही इकडे ठीक आहोत. माझ्या बहिणीला चार दिवस माहेरपणाला पाठवलंत, बरं झालं. अक्का आली ती सांडग्यांची पिशवी घेऊन. पिशवी उघडली तर सांडग्यांवर करडी भुकटी. मला वाटलं पीठ असेल. विचारलं, तर खोकत खोकत म्हणाली, "तुझं दाजी परसात पत्रं कापत्यात न्हवं, समद्यावर बसतंय त्ये. रोज झाडती मी." सांडगे मी तिथल्या तिथं टाकून दिले. त्याबद्दल तिनं मला जे ऐकवलं ते लिहीत नाही, तुमच्या ते अंगवळणी पडलेलं आहे.

तर दाजी, आता रागावून लिहितो. कागल एमआयडीसीत कुठलीशी जुनी शेड पाडली, तिचे ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे तुम्ही भंगारातून उचललेत आणि जीप उभी करायच्या छपरासाठी स्वतः ग्राइंडर घेऊन कापायला बसलात. मी फोनवर ओरडलो, तर तुम्ही मला मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवलात, की पांढरं ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असतं, धोक्याचं ते निळं, आणि ते म्हणे परदेशात. अहो, उभं आयुष्य तुम्ही एसटीत कंडक्टरकी केलीत, बिनतिकीट माणूस नुसत्या मानेवरून ओळखत होतात. मग ही धूळ तुमच्या समोरून अक्काच्या छातीत गेली ती कशी? आणि तो मजकूर कुठून निघतो ते मला ठाऊक आहे, कारण तो निघाला त्या जेवणाला मी होतो.

मागच्या मंगळवारी हायवेवरच्या एका हॉटेलात आमच्या पत्रेवाल्या दुकानदारांचा स्नेहमेळावा झाला. स्नेह पत्रे बनवणाऱ्या कंपनीचा, मटण आणि पांढरा रस्साही कंपनीचा. कारण असं, की पत्रे कापताना पाणी मारा, कामगाराला मास्क द्या, पत्र्यावर धोक्याची सूचना मोठ्या अक्षरांत छापा, असा काही नियम येतोय अशी कुणकुण कंपनीला लागली होती. त्याविरुद्ध आम्ही सगळ्यांनी एका निवेदनावर सह्या करायच्या होत्या. आमचे अध्यक्ष हंबीरराव (यांच्या दुकानात हमालही एसीत बसतो असं ते सांगतात, हमाल सांगत नाही) यांनी कंपनीच्या उन्मेष साहेबांना रीतीप्रमाणे कोल्हापुरी फेटा बांधला. गुलाबी, पाठीवर लांब शेमला सोडलेला. साहेब खूश. मग भाषण. हा पत्रा म्हणजे गरिबाचं छप्पर. नियम आला की गरीब उघड्यावर येणार. छातीचे रोग होतात ते विडी-तंबाखूनं. अजून संशोधन व्हायला हवं. (गरीब हा शब्द इतक्या वेळा आला की मला वाटलं, तो बाहेर पाणी वाढतोय आणि साहेब त्याला हाकच मारतायत.) मी डोक्यावरून पत्रे वाहत धंदा उभा केला, त्या पत्र्याखाली उन्हाळे काढले. त्या सबंध हॉलमध्ये आता तशा छपराखाली झोपणारा एकही नव्हता, मीसुद्धा नाही. सगळ्यांच्या डोक्यावर स्लॅब आणि तोंडात गरीब.

शेवटी साहेबांनी नमुन्याच्या पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, सगळं सिमेंटमध्ये जखडलेलं आहे, धूळ निघतच नाही. मला राहवलं नाही. उठून म्हणालो, "साहेब, गिऱ्हाईक पत्रा अख्खा ठेवत न्हाय. कापतंय, भोकं पाडतंय. हितंच कापून दावा की." माझे कान किती तिखट ते तुम्हाला माहीत आहे. साहेब शेजारी उभ्या कंपनीच्या पोराकडे न बघता पुटपुटले, "माझा मास्क गाडीत आहे का बघ." तोवर हंबीररावांना चेव चढला. त्यांनी आपल्या पिकअपमधला ग्राइंडर मागवला, वायर लावली आणि बटण दाबलं. पातं अजून पत्र्याला टेकलंही नव्हतं दाजी, नुसतं घुमत होतं, आणि उन्मेष साहेबांनी फेट्याचा शेमला पुढं ओढून नाकातोंडाला घट्ट धरला. सत्काराचा शेमला. वर नुसते डोळे. मी वायर उपसली (धूळ माझ्याच काय, हंबीररावांच्याही छातीत जायला नको होती) आणि म्हणालो, "साहेब, फेटा आमी डोस्क्यासाठी बांधला हुता."

हॉल हसला. साहेबही हसले. हंबीरराव सगळ्यात मोठ्यानं हसले, आणि मग एकामागून एक सगळ्यांनी निवेदनावर सह्या केल्या. हसत हसत. नाक झाकलेलं प्रत्येकानं बघितलं होतं, तरी सही केली. मी केली नाही, तर दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं माझ्या दुकानावरची त्यांच्या एजन्सीची पाटी उतरवून घेऊन गेली. नेऊ देत. त्याच दुपारी तो पांढऱ्या-निळ्याचा मजकूर आमच्या संघटनेच्या ग्रुपवर आला, हंबीररावांनी तो जिल्हाभर पाठवला, आणि संध्याकाळी गारगोटीत बसून तुम्ही तो मलाच ऐकवलात. ज्या माणसानं स्वतःचं नाक गुलाबी फेट्यात गुंडाळलं, त्याच्या शब्दावर तुम्ही अजूनही माझ्या बहिणीचं नाक उघडं ठेवायला तयार आहात.

गुडघ्यांना तेल लावत जा. कळावे, लोभ आहे म्हणूनच एवढी चिडचिड.

तुमचा मेहुणा,
केरबा

ता. क. : अक्काला छातीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं होतं. आत्ताचा खोकला धुळीचा आहे, उतरेल म्हणाल्या. पण ही धूळ आत बसली तर कधीकधी वीस-तीस वर्षांनी तोंड वर काढते, म्हणून यापुढं कणभरसुद्धा नको. तेव्हा राहिलेले पत्रे कापू नका, फोडू नका, कुणाला देऊही नका. पाणी मारून, जाड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा, पुढं कुठं न्यायचे ते मी विचारतोय. परस कोरडं झाडू नका, नाक बांधून ओल्या फडक्यानं पुसा. स्वतः. जीपसाठी लोखंडी पत्रे माझ्याकडून येतील.

ता. क. दुसरा : रविवारी अक्काला न्यायला येतो म्हणालात. येऊ नका. माहेरपण वगैरे काही नाही, ती घर सोडून आलीय. मी तुम्हाला हळूहळू सांगणार होतो. तिनं हे सगळं माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, एवढं पाल्हाळ कशाला, माझं दोन ओळींत लिही. लिहितो : "परस सोच्छ झाल्याबगार मी न्हाय यायची. छप्पर गाडीवर पायजे का बायकू घरात, एकदाचं ठरवा म्हणावं."